निधी मागू नका, निकष बदलून मागा: कोकणातल्या सरपंच-नगरसेवकांनी मंत्रालयात पाठपुरावा कसा करायचा

नवीन बॉडी बसली की पहिल्या सहा महिन्यांत मला फोन सुरू होतात, "भाऊ, मंत्रालयात तुमच्या ओळखी आहेत ना, एवढं निवेदन द्यायचंय." एक टर्म पंचायत समितीत होतो, त्यानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींसाठी आणि काही नगरपंचायतींसाठी मुंबईत पाठपुरावा करायचं काम गळ्यात पडलं ते पडलंच, आता कोणी त्याला लॉबिंग म्हणतात, म्हणू देत. प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो, वाचा आणि मग फोन करा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्या गावाला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) हवा, रस्ता हवा, शाळेला संरक्षक भिंत हवी, तर त्यासाठी पंचवीस-पंधरा आहे, तीस-चोपन्न आहे (ही ग्रामविकासाच्या आणि रस्त्यांच्या निधीची बजेटमधली लेखाशीर्षं), आमदारसाहेबांचं पत्र आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, पालकमंत्री आहेत. ती वाट सगळ्यांना पाठ आहे, त्यासाठी माझी गरज नाही. मी लिहितोय ते त्या सरपंचांसाठी ज्यांना "तुमचं गाव या योजनेत बसत नाही" असं उत्तर मिळालंय, आणि कोकणात ते उत्तर फार जणांना मिळतं. आपलं अर्धं दुखणं निकषाचं आहे. एका गावाला एकदा निधी आणलात तर तो एकदा येतो, निकषातली एक ओळ बदलून आणलीत तर पाच तालुक्यांना दरवर्षी फायदा होतो, आणि गंमत म्हणजे ती ओळ बदलून आणायला कधीकधी कमी वशिला लागतो कारण त्यात कोणाच्या वाट्याचं काही थेट जात नाही.

हे निकष आपल्याला का लागू पडत नाहीत ते नीट समजून घ्या, कारण पुढे तेच समोरच्याला समजवायचंय. निकष लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर गाव येतं ते घाटावरचं, मध्ये चावडी, भोवती घरं, बाहेर शेतं. आपलं गाव म्हणजे दहा-बारा वाड्या, दोन पऱ्ये (ओढे), एक वहाळ आणि वरच्या धनगरवाडीला जायला पाऊण तासाची चढण. वाडीत वीस-पंचवीस घरं, त्यातली कितीतरी कुलूपबंद, माणसं मुंबईला, त्यांची शिरगणतीही मुंबईत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली, २००१ पेक्षा जवळजवळ ५ टक्क्यांनी कमी, सिंधुदुर्गाची ८,४९,६५१, तीही २ टक्क्यांच्या वर घटलेली. अख्ख्या राज्याची लोकसंख्या वाढत होती तेव्हाची ही गोष्ट. आता पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांचे पैसे राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिलं, खाली गावापर्यंत येताना पण माणसं मोजूनच येतात आणि माणसं २०११ चीच. पण माणसं कमी झाली म्हणून पऱ्ये कमी झाले नाहीत, नळाची पाइपलाइन आखूड झाली नाही, आणि गणपतीत अन् मे महिन्यात तीच कुलूपं उघडतात तेव्हा पाणी सगळ्यांनाच लागतं. मालवण, गुहागर, हरिहरेश्वर इथल्या लोकांना विचारा, पर्यटकांचा कचरा उचलायला लागतो तेव्हा तो पर्यटक कुठल्याच निकषात मोजलेला नसतो, आणि सिंधुदुर्ग तर १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर आहे.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण निसर्ग वादळाचं. ३ जून २०२० ला वादळ रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, दापोली-मंडणगडच्या बागा झोपल्या, आणि सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला मोठी रक्कम. पण हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. ज्याची घरामागे पाच गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी, त्याला झाले अडीच हजार, आणि पडलेली झाडं तोडून बाजूला करायची मजुरीच त्याहून जास्त. म्हणून तेव्हा किनाऱ्यावरून मागणी गेली की हेक्टरी नको, झाडामागे मदत द्या. ही मागणी कशी मांडलीय बघा, "रक्कम वाढवा" असं त्यात कुठेच नाही, मोजायचं माप बदला एवढंच आहे. मंत्रालयात ज्याच्या हातात फाइल आहे त्याला असं गणित लगेच कळतं. "कोकणावर कायम अन्याय" हे वाक्य त्याने इतक्यांदा वाचलंय की त्याची नजर त्यावरून घसरते.

आता कामाला लागू.

पहिलं, आपल्याला नाकारणारी ओळ शोधा. "साहेब म्हणाले बसत नाही" यावर विश्वास ठेवू नका, कुठल्या शासन निर्णयात (जीआरमध्ये), कुठल्या परिच्छेदात, ते वाचा. राज्य शासनाच्या वेबसाइटवर शासन निर्णय म्हणून वेगळा भाग आहे, विभाग निवडायचा, तारखा टाकायच्या, शब्द टाकून शोधायचं. प्रत्येक जीआरला लांबलचक आकड्यांचा सांकेतांक असतो तो लिहून घ्या. वर "वाचा" अशी यादी असते, त्यातले आधीचे सगळे जीआर पण काढा कारण मूळ निकष बहुतेक वेळा त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या जुन्या जीआरमध्ये दडलेला असतो आणि नवीन जीआर फक्त त्याच्याकडे बोट दाखवतो. मग जीआरचा क्रमांक बघा, त्यात "प्र.क्र." नंतर आकडे येतात आणि शेवटच्या तिरक्या रेघेनंतर जे अक्षर आणि आकडा असतो ते कार्यासन, म्हणजे विभागातलं तो विषय बघणारं टेबल. तुमची फाइल जन्माला येणार ती तिथे. नव्वद टक्के लोक मंत्र्यांच्या केबिनबाहेर उभे असतात आणि त्यांना कार्यासनाचा नंबरच माहीत नसतो.

हे बघताना एक चाळणी लावा: ओळ मुंबईच्या हातातली आहे की दिल्लीच्या. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारी अधिसूचना, १९९१ ची असो, २०११ ची असो की २०१९ ची, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची आहे. राज्याचा नगरविकासवाला किंवा ग्रामविकासवाला त्यात खाडाखोड करू शकत नाही, तो फार तर पत्र लिहील. किनारा व्यवस्थापन आराखड्यात आपल्या गावाचा नकाशा चुकीचा आलाय असं असेल तर त्यासाठी राज्याचं किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आहे, तिकडे नकाशा घेऊन जा, ते वेगळं काम. पण "सीआरझेड शिथिल करा" असं निवेदन ग्रामविकास मंत्र्यांना देऊन फोटो काढून आलात तर तो फोटोच मिळतो.

दुसरं, कुठल्या इमारतीत जायचं ते. लोक "मंत्रालयात जातो" म्हणतात पण सगळं मंत्रालयात नाही. ग्रामविकास विभागाची बरीच कार्यासनं फोर्टात मर्झबान पथावर बांधकाम भवनात आहेत, पाणी पुरवठा व स्वच्छता विभाग जीटी हॉस्पिटलच्या संकुलातल्या इमारतीत सातव्या मजल्यावर, आणि नगरविकास मुख्य इमारतीत. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं असेल तर सागरी मंडळ आणि पतन विभाग, खारबांधाचं असेल तर खारभूमीवाले, दोन्ही समुद्राचंच पाणी अडवतात पण फाइली वेगळ्या. कोकण आयुक्त बसतात बेलापूरला कोकण भवनात. निघायच्या आधी फोन करून कार्यासन कुठे बसतं ते विचारून घ्या, विभाग हलत असतात. मुख्य इमारतीत आत जायला हल्ली डिजीप्रवेश ॲपवर नोंदणी लागते आणि सामान्य माणसाला दुपारनंतरच सोडतात, त्यामुळे कोकणकन्येने सकाळी उतरलात तर सकाळचा वेळ बांधकाम भवन नाहीतर जीटीत लावा आणि मंत्रालय दुपारी. आदल्या रात्री ज्येष्ठ सदस्यांना मोबाइलमध्ये ॲप घालून द्या, गेटवर उभं राहून आधार नंबर शोधायची वेळ आणू नका.

तिसरं, कागद. एक पान. तीन पानांचं निवेदन कोणी वाचत नाही, आणि पहिला परिच्छेद "महोदय, आपण कार्यतत्पर आहात" यात घालवलात तर राहिलं काय. एका पानात चार गोष्टी: कुठला जीआर, कुठला परिच्छेद, आमच्याकडे त्यामुळे काय होतं ते आकड्यात, आणि त्या ओळीऐवजी काय लिहावं ते तयार मराठीत. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. समजा एखाद्या योजनेत "किमान ५०० लोकसंख्येचे गाव" असं आहे (हे नुसतं उदाहरण हं, शोधत बसू नका), तर आपण लिहायचं: "परिच्छेद ४ मधील 'किमान ५०० लोकसंख्या असलेले गाव' याऐवजी 'किमान ५०० लोकसंख्या असलेले गाव, तथापि डोंगरी तालुक्यांच्या बाबतीत किमान १०० लोकसंख्या असलेली वाडी अथवा वस्ती' असे वाचावे." बस्स. "याऐवजी असे वाचावे" ही शुद्धीपत्रकाची भाषा आहे. अख्खा नवीन जीआर काढायचा म्हणजे पुन्हा सगळ्या विभागांची फेरी, शुद्धीपत्रक किंवा पूरकपत्र त्यामानाने हलकं असतं. कार्यासनावरच्या माणसाला मसुदा आयता मिळाला तर तो टिपणीत जसाच्या तसा उतरवतो, मी कितीतरी वेळा आमचेच शब्द सहीनिशी परत आलेले पाहिलेत.

त्यात "डोंगरी तालुके" का घातलं ते लक्षात घ्या. "कोकणासाठी" असं लिहिलंत की वरचा माणूस म्हणतो उद्या मराठवाडा मागेल, विदर्भ मागेल. डोंगरी विभाग विकास कार्यक्रमाची तालुक्यांची यादी सरकारकडे आधीच आहे, पूर्ण डोंगरी, अंशतः डोंगरी असं वर्गीकरण झालेलं आहे, म्हणजे नवीन व्याख्या करायचं त्यांचं काम वाचतं. शिवाय भाऊबंद मिळतात, त्यावर पुढे येतो.

पुराव्याचं म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. वाडीनिहाय निकष मागायला गेलो होतो, बरोबर एक सरपंच ताई, पहिल्यांदाच मुंबईत कामाला आलेल्या. सहायक कक्ष अधिकारी मॅडमनी निवेदन वाचलं आणि सरळ विचारलं, "वाडी म्हणजे काय? ते महसुली गाव नाही. वाडीत घरं किती हे कुठल्या रेकॉर्डला आहे?" आमच्यातले दोघं लगेच भाषण द्यायला सरसावले. ताईंनी पर्समधून मोबाइल काढला, त्यात नमुना ८ च्या सगळ्या पानांचे फोटो होते, कर आकारणीची नोंदवही, वाडीवार घरं लिहिलेली, आणि बंद घरांपुढे पेन्सिलीने फुली. म्हणाल्या, "मॅडम, ह्या फुल्या मी मारल्यात, पण नोंदी ग्रामसेवकांच्या आहेत, सही-शिक्क्याने देते." मॅडमनी खुर्ची दिली. पुढचा अर्धा तास त्या दोघीच बोलत होत्या, आम्ही बाकीचे उभे. साक्षांकित प्रती परिशिष्ट म्हणून फाइलला लागल्या आणि त्या टिपणीत "वाडी" हा शब्द पहिल्यांदा व्याख्येसकट आला. तेव्हापासून माझा नियम, नमुना ८ शिवाय गाडीत बसायचं नाही.

चौथं, आणि यात बहुतेक जण अडकतात: खालचा अहवाल. तुम्ही वर कितीही चांगला कागद दिलात तरी कार्यासन पहिलं काम काय करतं, झेडपीच्या सीईओंना पत्र, "अभिप्रायासह अहवाल सादर करावा". ते पत्र सीईओंकडून खातेप्रमुखाकडे, तिथून गटविकास अधिकाऱ्याकडे म्हणजे बीडीओकडे, बीडीओकडून विस्तार अधिकाऱ्याकडे, आणि शेवटी तुमच्याच ग्रामपंचायतीच्या टेबलावर येऊन पडतं, आणि सरपंच मुंबईत विचारत असतो माझ्या फाइलचं काय झालं. म्हणून उलटं करा. मुंबईला जायच्या आधीच बीडीओ आणि सीईओंना भेटा, अहवाल कसा लागेल ते विचारा, तालुक्याची माहिती एका तक्त्यात भरून द्या, आणि पत्र आलं की आठवड्यात वर जाईल अशी सोय करून ठेवा. झेडपीवर २०२२ च्या मार्चपासून प्रशासक बसला तेव्हा हे जास्तच जाणवलं, सदस्य नाहीत म्हणून कोणी विचारणारा नाही, पत्रं नुसती पडून. अधिकारी वाईट नसतात हो, त्यांच्या टेबलावर दुसरी पन्नास पत्रं असतात एवढंच.

ठराव गोळा करताना पण डोकं लावा. एका गावाचा ठराव म्हणजे तक्रार, चाळीस गावांचा एकाच शब्दांतला ठराव म्हणजे धोरणाचा प्रश्न. मसुदा एकच ठेवा, अक्षर बदलू नका, आणि गावं वेगवेगळ्या पक्षांची निवडा, मुद्दाम. शिष्टमंडळात पाचच्या वर माणसं नकोत आणि त्यातल्या निदान दोघांचं एकमेकांशी राजकारणात पटत नसावं, ते दोघं एका मुद्द्यावर एकत्र आलेले दिसले की साहेबांचा चेहराच बदलतो.

वेळापत्रक हा तर वेगळाच विषय आहे आणि कोकणात त्याची आणखी मजा. सरकारचं बजेट मार्चमध्ये मांडतात म्हणून लोक फेब्रुवारीत धावतात, तोपर्यंत सगळं छापायला गेलेलं असतं. विभागांचे अंदाज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला तयार होतात, नवीन बाब असेल तर ती तेव्हा फाइलवर असायला हवी. म्हणून ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या. त्यानंतर गणपती येणार, तेव्हा कोण भेटणार नाही, ना गावात ना तिकडे, कारण मंत्रालयातले अर्धे कोकणातलेच, तेही गावी. विसर्जन झालं की लगेच निघा. डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन, तिथे पुरवणी मागण्या येतात, पैशांची तातडी असेल तर ती खिडकी. मार्चमध्ये अर्थसंकल्पीय अधिवेशन आणि नेमका शिमगा, सरपंच पालखीखाली आणि आमदार विधानभवनात, त्या पंधरा दिवसांत कोणाकडून काही अपेक्षा ठेवू नका. मार्चअखेर तर कार्यासनावर जाऊच नका, सगळे बीम्सवर, म्हणजे सरकारच्या बजेटच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी टाकण्यात गुंतलेले.

आणि आचारसंहिता. निवडणूक जवळ आली की लोक म्हणतात आता काय होणार, मी म्हणतो आताच होणार. सप्टेंबर २०२४ मध्ये सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट झालं, २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाच्या सरपंचाला ३ हजारांचे ६ हजार झाले, ८,००० च्या वरच्या गावाला ५ हजारांचे १० हजार. मागणी जुनीच होती, त्याआधी आझाद मैदानावर आंदोलनही झालं होतं, पण निर्णय आला तो विधानसभेच्या आचारसंहितेला तीन-चार आठवडे राहिले असताना. ज्यांची फाइल तोपर्यंत वित्त विभागातून फिरून आलेली असते त्यांचंच अशा वेळी होतं. निवडणूक बघून फाइल सुरू केलीत तर आचारसंहिता तुमच्या आधी पोचेल.

वित्त विभागाचं नाव घेतलंच आहे तर सांगतो. खर्च वाढवणारी कुठलीही गोष्ट त्यांच्या सहमतीशिवाय निघत नाही, जीआरच्या शेवटी "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये" असं वाक्य असतं बघा, ते मिळवण्यात महिने जातात. त्यांचे प्रश्न दोनच: वर्षाला किती भार पडेल, आणि बाकीचे मागतील तेव्हा काय. दोन्हीची उत्तरं आपल्याच एका पानात पाठीमागे छापा. भार काढताना हात आखडू नका आणि फुगवूही नका, तालुक्यात अशा वाड्या किती, वर्षाला त्यातल्या किती घेणार, एकाला खर्च किती, गुणाकार करून मोकळे व्हा. कित्येकदा असं निघतं की वेगळा पैसा लागतच नाही, आहे त्याच लेखाशीर्षात आपली गावं पात्र होतात एवढंच. तसं असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, "अतिरिक्त आर्थिक भार नाही", आणि मग बघा फाइल कशी चालते.

आता आमदार. रायगडचे ७, रत्नागिरीचे ५, सिंधुदुर्गचे ३, झाले १५, विधानसभा २८८ ची. पंधरा जणांवर काही होत नाही, आणि ते पंधरा एका सुरात बोलतील हे तर सोडूनच द्या. इथे ते "डोंगरी तालुके" कामाला येतात. सह्याद्रीच्या पलीकडे उतरा, गगनबावडा, राधानगरी, चंदगड, शाहूवाडी, पाटण, जावळी, तिकडे अकोले, त्यांच्याही वाड्या डोंगरात विखुरलेल्या, पाऊस आपल्यासारखाच. तिथल्या सरपंचांना फोन करा, मसुदा पाठवा, त्यांच्याकडून त्यांच्या आमदारांना जाऊ दे. घाटावरच्या आमदाराने कोकणासारखाच प्रश्न मांडला की तो प्रादेशिक रडगाणं राहत नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडून जातात, त्यातली एक रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून. तिथे मत झेडपी सदस्य, पंचायत समिती सभापती आणि नगरसेवकांना आहे, ग्रामपंचायत सदस्याला नाही, त्यामुळे नगरपंचायतवाल्यांना बरोबर घ्या, त्यांचं वजन तिकडे जास्त. तसंही दापोली, गुहागर, लांजा, कुडाळ, कणकवली ही कालपरवापर्यंत ग्रामपंचायतीच होती, दुखणं सारखंच आहे, कर्मचारी जुने आणि काम शहराचं.

आमदारांकडे जाताना नुसतं "प्रश्न मांडा" म्हणू नका, प्रश्न लिहून न्या. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, तो तीन-चार ओळींत लिहून त्यांच्या पीएला मेल करा, लक्षवेधी अर्ध्या पानाची. पीए हा मोठा माणूस आहे, त्याचा मान ठेवा. मंत्र्यांचं उत्तर आलं की शब्द तपासा. "सकारात्मक विचार करू" याला काही अर्थ नाही, "तीन महिन्यांत निर्णय घेऊ" असं सभागृहात बोलले तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती विभागाला विचारत राहते. म्हणून आमदारांना आधीच सांगून ठेवायचं, उपप्रश्नात मुदत विचारा.

निवेदनावर मंत्र्यांचा शेरा मिळाला की लोक पेढे वाटतात, जरा थांबा. "नियमानुसार उचित कार्यवाही करावी" म्हणजे काही होणार नाही, नियमानुसार तर तुम्ही बसत नाहीच म्हणून आलात ना. "तपासून प्रस्ताव सादर करावा" हा बरा, त्याने फाइल उघडावी लागते. सगळ्यात चांगलं "बैठक आयोजित करावी", कारण बैठकीला सचिव, वित्तवाले, झेडपीवाले एका खोलीत येतात आणि मागाहून इतिवृत्त निघतं. बैठकीत टाळ्या वाजवून घरी येऊ नका, इतिवृत्त निघेपर्यंत कार्यासनाच्या मागे लागा. त्यात तुमचा मुद्दा कुठल्या शब्दांत आलाय त्यावर पुढचं सगळं, आणि मी तर नम्रपणे सांगून येतो की साहेब मुद्दा तीनचा मसुदा माझ्याकडे टाइप केलेला आहे, लागला तर वापरा.

थोडं पैशांचं. आमदार निवासाच्या आसपास असे लोक भेटतील की "पंचवीस-पंधरा आणून देतो, एवढे टक्के". त्यांच्या नादी लागू नका, पहिलं म्हणजे चुकीचं आहे आणि दुसरं म्हणजे निकष टक्क्यावर बदलत नाही, तिथे विकायला काही नसतंच. ग्रामपंचायतीच्या पैशातून मुंबईचा खर्च टाकायचा असेल तर आधी ग्रामसेवकांना, हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, विचारून ठराव करा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि पाच वर्षांनी वसुलीची नोटीस येते. आम्ही दर गावामागे थोडी वर्गणी काढतो, पावती देतो, हिशोब ग्रुपवर टाकतो. आणि एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या घेऊन जायची आपली सवय आहे ती सोडा. पेटी कोणाला दिली आणि कोणाला नाही यावरून जो रुसवा होतो तो निस्तरायला पुढचा हंगाम जातो, आंबे संपतात, फाइल तिथेच.

शुद्धीपत्रक निघालं की काम संपलं असं समजू नका. त्याचा सांकेतांक टाकून पीडीएफ उतरवा आणि प्रिंट काढून स्वतः पंचायत समितीत द्या, बांधकामच्या उपअभियंत्याला द्या, पाणी पुरवठ्याच्या शाखा अभियंत्याला द्या, कारण अंदाजपत्रक करताना ते जुनाच जीआर उघडून बसलेले असतात आणि तुमच्या गावाला पुन्हा "बसत नाही" असं उत्तर येतं. ज्या घाटावरच्या सरपंचांनी साथ दिली त्यांनाही पाठवा. आणि पहिल्याच वर्षात प्रत्येक तालुक्यातून त्या नवीन ओळीखाली दोन-चार प्रस्ताव तरी वर जाऊ द्यात, पूर्ण कागदांसकट, नमुना ८ जोडून. दोन वर्षं एकही प्रस्ताव आला नाही तर पुढच्या सुधारित जीआरमध्ये ती ओळ मागणी नाही म्हणून गुपचूप गळते, आणि ती परत घालायला नव्याने चाळीस ठराव गोळा करावे लागतात.